ओल आणि पाणी

आक्षेप घेणे हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. चेन्नईतील एका केंद्रीय कचेरीत, बिले तपासणाऱ्या शाखेत, मी कारकून आहे. पदवी घेतली ती मराठी वाङ्मयाची. नोकरी लागली ती आकड्यांची. २०१४ च्या अखेरीस लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून निघालो तो थेट या समुद्रकाठच्या शहरात येऊन पडलो. येथे माझ्या भाषेचा उपयोग मला होत नाही आणि माझ्या वळणदार अक्षराचा इतरांना. कारण फायली आता संगणकाच्या पडद्यावरच फिरतात. तथापि कारकुनी वृत्ती काही कागदावर अवलंबून नसते. समोर आलेल्या बिलात एक तरी दोष सापडला नाही, तर आपण त्या दिवसाचा पगार फुकट खाल्ला, असे मला अजूनही वाटते.

२०२४ च्या उन्हाळ्यात असेच एक बिल माझ्याकडे आले. कावेरीच्या मुखाकडील गाळाच्या प्रदेशात पाण्याचा शोध घेण्यासाठी एक विंधणविहीर घेतली होती आणि तिच्यात यंत्रे सोडून भोवतालच्या थरांची तपासणी केली होती. तपासण्या दोन होत्या. पहिलीत न्यूट्रॉन नावाच्या कणांचा मारा करून थरांत पाणी किती आहे हे मोजले होते. दुसरीचे नाव लांबलचक होते : न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स लॉगिंग. मराठीत बोलायचे तर, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने केलेली विहिरीची तपासणी. तिनेही मोजले होते ते पाणीच. आणि तिचा खर्च मात्र पहिलीच्या कितीतरी पट होता. माझी बोटे शिवशिवली. मी शेरा मारला, ‘पाणी आहे हे पहिल्या चाचणीनेच सिद्ध झालेले असताना दुसऱ्या चाचणीचे प्रयोजन काय, याचा खुलासा व्हावा.’

शेरा माझा मलाच फार आवडला. तो मी दोनदा वाचला.

अशा शेऱ्याला उत्तर यायला आमच्याकडे तीन आठवडे लागतात. या शेऱ्याचे उत्तर तिसऱ्याच दिवशी स्वतः चालत माझ्या टेबलापाशी आले. भूभौतिकी शाखेतील एक वृद्ध अधिकारी, निवृत्तीला जेमतेम दोन वर्षे उरलेले, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. ते रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी माझ्या टेबलावरून नजर फिरवली आणि स्पंजाची डबी उचलली. पाने उलटताना बोट ओले करण्यासाठी ठेवीत असत ती ही डबी; पाने गेली तरी ती माझ्या टेबलावरून गेलेली नाही. त्यांनी ती डबी माझ्या कागदांवर सरळ उपडी केली. मी दचकून कागद ओढले. एक थेंबही पडला नाही.

“या डबीत पाणी आहे की नाही?” त्यांनी इंग्रजीत विचारले.

“आहे.”

“मग पडत का नाही?”

मी गप्प राहिलो. त्यांनी अंगठ्याने स्पंज दाबला तेव्हा दोन थेंब कसेबसे ओघळले. ते म्हणाले, “आमचे पहिले यंत्र हायड्रोजन ओळखते. हायड्रोजनच्या अणूवर आपटले की न्यूट्रॉनाचा वेग झपाट्याने मंदावतो, आणि त्यावरून पाणी किती याचा हिशेब लागतो. वाळूतले पाणी आणि चिकणमातीने आवळून धरलेले पाणी, दोन्ही त्याला सारखीच. त्याला या डबीविषयी विचारले तर ते सांगेल, पाणी भरपूर आहे. ते खोटे बोलत नाही. पण तुमची तहान भागणार नाही.”

कॉफी घेऊन आलेला आमचा शिपाई हा सारा प्रकार कुतूहलाने पाहत उभा होता. ‘काय झाले सार्?’ असे त्याने विचारताच अधिकाऱ्यांनी सगळे व्याख्यान त्याच्यासाठी तमिळच्या चार शब्दांत आटोपले : “ईरम् इरुक्कु, तण्णि वरादु.”

ओल आहे, पाणी येणार नाही.

ईरम् म्हणजे ओल, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. कपडे वाळत घालताना आमची शेजारीण तो शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारते. पण हे वाक्य, याच शब्दांत आणि याच क्रमाने, मी पूर्वी एकदा ऐकले होते. त्या वेळी त्यातला पहिला शब्द मला कळला नव्हता आणि शेवटचा ऐकूच आला नव्हता. माझ्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

ती गोष्ट २०१६ च्या एप्रिल महिन्यातली. त्या वर्षीचा लातूरचा दुष्काळ साऱ्या देशाला ठाऊक झाला तो आगगाडीमुळे. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातूर स्थानकात आली : दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. पण आगगाडी शहरासाठी होती. रानासाठी आगगाडी कोण पाठवणार? त्याच महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेतात तिसरा बोअर घ्यायचे ठरवले. विंधणविहीर हा शब्द सरकारी कागदांपुरता; आमच्याकडे तो बोअरच. आधीचे दोन कोरडे गेले होते. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळे रान पालथे घातले, आणि जेथे नारळ हातावर उभा राहिला तेथे दगड ठेवून खूण केली.

बोअरची गाडी आली ती तमिळनाडूची. हिंदुस्थानभर बोअर पाडीत फिरणाऱ्या गाड्यांचे माहेर म्हणजे नामक्कल जिल्ह्यातील तिरुच्चेंगोड हे गाव. तेथील गाड्या आणि तेथील माणसे महिनोन् महिने परमुलखात असतात. गाडीवरची ‘टीएन’ ही अक्षरे वाचून अण्णांनी मला मोठ्या कौतुकाने फोन केला, “तुझ्या गावची गाडी आली बग!” गाडीवरची पोरे त्यांना ‘अण्णा’ म्हणून हाक मारीत होती, याचेही त्यांना भारी नवल वाटत होते; आपले नाव यांना कोणी सांगितले? तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि तेथे कोणत्याही परक्या माणसाला तसेच म्हणतात, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांचा आनंद कशाला घालवा?

रात्री अकराच्या सुमारास पुन्हा फोन आला. चारशे वीस फूट झाले होते. वर येणारी भुकटी तांबूस आणि थोडी दमट होती. गाडीवरचा मुख्य माणूस हातवारे करून काही सांगत होता. पण त्याला मराठी येत नव्हते आणि अण्णांना तमिळ. “तू तिकडं ऱ्हातूस, तुला त्यांची भाषा येती. जरा इचार, थांबायचं का खाली जायचं,” असे म्हणून अण्णांनी फोन त्याच्या हाती दिला.

मी तेव्हा ट्रिप्लिकेनमधील एका मॅन्शनात राहत होतो. मॅन्शन या भारदस्त शब्दाचा येथील अर्थ सड्या माणसांच्या खोल्यांची इमारत एवढाच. चेन्नईत येऊन मला दीड वर्ष झाले होते. तमिळ येत होते ते इडली, भाडे आणि बसचा क्रमांक एवढ्यापुरते. घरी मात्र मी सांगून ठेवले होते की भाषा आली. परमुलखात गेलेला मुलगा निदान भाषा तरी शिकला, हे ऐकून अण्णा चारचौघांत ते सांगत, आणि ते सांगतात हे मला आवडत असे.

फोनमधून कॉम्प्रेसरची घरघर येत होती. तिच्यातून एक शांत आवाज आला, “सार्, ईरम् इरुक्कु...” पुढचे घरघरीत बुडाले. ‘तण्णि’ एवढा शब्द मात्र स्पष्ट कानी पडला. तण्णि म्हणजे पाणी आणि इरुक्कु म्हणजे आहे. या दोन शब्दांचे वाक्य मी माझे मीच जुळवले. पुन्हा विचारावे, असे क्षणभर मनात आले. पण आपल्याला कळले नाही अशी कबुली त्या माणसाला द्यायची, म्हणजे त्याच्या शेजारी कान लावून उभ्या असलेल्या अण्णांनाही द्यायची. फोन अण्णांच्या हाती परत गेला तेव्हा मी म्हणालो, “अण्णा, पाणी आहे म्हणतो.”

तो बोअर साडेसहाशे फुटांपर्यंत गेला. खालच्या दोनशे तीस फुटांत कोरड्या धुळीशिवाय काहीही आले नाही. खोली वाढते तसा फुटाचा दरही चढत जातो. ते पैसे भागवण्यासाठी अण्णांनी बैलजोडी विकली. आणि जेव्हा गावोगावचा प्रत्येक जण विकायलाच निघालेला असतो तेव्हा बैलांना मोल ते किती यायचे! त्या पावसाळ्यात मात्र मराठवाड्यावर पाऊस प्रसन्न झाला. पेरणीला अण्णांनी भाड्याचे बैल आणले. त्यांनी मला एका शब्दानेही काही विचारले नाही. मी मनाशी धरून चाललो की तो माणूसच चुकला असावा, किंवा फुटांच्या लोभाने त्याने तसे सांगितले असावे. आठ वर्षे एका अनोळखी माणसावर मी हा आक्षेप मनात नोंदवून ठेवला होता, आणि त्याचा खुलासा मागण्याची गरज मला कधी वाटली नव्हती.

मी अधिकाऱ्यांना म्हणालो, “साहेब, ते दुसरे यंत्र मला नीट समजावून सांगा. बिलासाठी नव्हे.” त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला घेऊन ते उपाहारगृहात गेले. तेथे तास-दीड तासात त्यांनी जे सांगितले ते माझ्या समजुतीप्रमाणे असे.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. भोवऱ्यासारखी गिरकी असलेला एक अतिसूक्ष्म चुंबकच तो. एरवी हे चुंबक बाजारातील माणसांप्रमाणे वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. विहिरीत सोडलेले यंत्र दिसायला एखाद्या लांब नळीसारखे असून त्याच्या पोटात बलवान चुंबक बसवलेला असतो. त्याच्या प्रभावाने भोवतालच्या थरांतील प्रोटॉनांचा कल किंचित एका दिशेकडे होतो. मग यंत्र रेडिओलहरींचा एक झटका देते. त्याने ते कलंडतात, आणि कलत्या भोवऱ्याचा अक्ष जसा घुमतो तसा त्यांचा अक्ष घुमू लागतो. लहरींची गती त्यांच्या घुमण्याच्या गतीशी जुळली तरच ते दाद देतात; झोपाळ्याला योग्य वेळी हात लावला तरच तो चढतो, तसे. म्हणून या प्रकाराला अनुस्पंदन म्हणायचे. त्यांच्या घुमण्यातून एक अतिशय क्षीण विद्युत्संदेश उमटतो आणि यंत्रातील तारेचे वेटोळे तो टिपून घेते. त्याला आपण त्यांचा सूर म्हणू.

पहिल्या क्षणी सूर जितका मोठा, तितका तेथे हायड्रोजन अधिक, म्हणजे पाणी अधिक. येथवर दोन्ही यंत्रांची साक्ष सारखीच. पण दुसरे यंत्र तेथे थांबत नाही. सूर विरून जाईपर्यंत ते ऐकत राहते. चिकणमातीच्या सूक्ष्म फटींत कोंडलेले पाणी भिंतींवर पुन्हा पुन्हा आदळते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हटले तर त्याचा सूर साधारण ३ मिलिसेकंदांच्या आतच विझतो. जाड वाळूच्या कणांमधील मोकळ्या जागेतले पाणी भिंतीला क्वचितच लागते. त्याचा सूर शेकडो मिलिसेकंद टिकतो. भांड्यात ठेवलेल्या शुद्ध पाण्याचा तर दोन-तीन सेकंद. वालुकाश्मासाठी शास्त्रज्ञांनी ३३ मिलिसेकंदांची एक सीमारेषा ढोबळमानाने ठरवली आहे. तिच्या अलीकडे विझले ते खडकाने धरून ठेवलेले पाणी. तिच्या पलीकडेही ऐकू आले ते मोकळे, वाहून येऊ शकेल असे. म्हणजे पहिले यंत्र विचारते, ‘आहे का?’ दुसरे विचारते, ‘येशील का?’ माझ्या शेऱ्यात मी या दोन प्रश्नांना एकच समजलो होतो.

अधिकाऱ्यांना आपल्या विषयाचा इतिहासही प्रिय होता. या अनुस्पंदनाचा शोध ब्लॉख आणि पर्सेल या दोघांनी अमेरिकेत वेगवेगळ्या ठिकाणी लावला व १९४६ साली प्रसिद्ध केला. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले. १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी दाखवून दिले की मद्यार्कातील हायड्रोजन एका सुरात बोलत नाही. रेणूत तो कोणाच्या शेजारी बसला आहे त्यानुसार त्याचे तीन वेगळे सूर उमटतात. यांतील धर्मट्टी हे भारतीय. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन त्यांनी या विषयाचे संशोधन उभे केले. त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावर निबंध प्रसिद्ध केला होता. “वाहते पाणी आणि थांबलेले पाणी वेगळे बोलते, हे आमच्याकडच्या माणसाने तेव्हाच ऐकले होते,” असे म्हणताना म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

विहिरीत ही युक्ती प्रथम उतरवली ती तेलाच्या शोधात असलेल्यांनी. १९६० च्या सुमारास त्यांनी पृथ्वीच्याच चुंबकत्वावर काम भागवून पाहिले. अडचण अशी की विहिरीत भरलेला चिखलही हायड्रोजनयुक्तच असल्यामुळे खडकाच्या आधी तोच बोलू लागे. त्याला गप्प करण्यासाठी त्यात चुंबकी लोहखनिजाची पूड कालवावी लागे. पुढे १९८० च्या आगेमागे लॉस अलामॉस येथील जॅस्पर जॅक्सन यांनी सारी मांडणीच उलटी केली. रुग्णालयातील एम.आर.आय. याच तत्त्वावर चालतो. तेथे रोगी चुंबकाच्या पोटात शिरतो. येथे चुंबकच रोग्याच्या पोटात शिरतो. या मांडणीतून १९९० नंतर बाजारात आलेली यंत्रे तेलविहिरींत सर्रास वापरली जाऊ लागली, आणि गेल्या दशक-दीड दशकात पाण्याच्या अरुंद विंधणविहिरींत उतरतील अशी लहान यंत्रेही निघाली आहेत.

मी त्यांना आमच्या बोअरची हकिकत सांगितली. तांबूस, दमट भुकटीचा उल्लेख येताच त्यांनी मान डोलावली. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. तो पाणी पितो, पण सोडीत नाही. तुमची भुकटी बहुधा तेथली असावी, असे ते म्हणाले.

“तेव्हा हे यंत्र आमच्या रानात असते तर?” मी विचारले.

“तर ते अडखळले असते,” ते शांतपणे म्हणाले. “तुमच्या काळ्या पाषाणात लोहखनिजे फार. त्यांच्या चुंबकत्वामुळे सूर अकाली विझतात. मोकळे पाणीही कोंडलेले वाटू शकते. शिवाय यंत्र ऐकते ते विहिरीच्या भिंतीपासून काही इंचांपर्यंत. खारे आणि गोडे यांतला भेद तर त्याला जवळजवळ कळतच नाही. हायड्रोजन दोन्हींत सारखाच. त्यासाठी थरांचा विद्युत्‌रोध वेगळा मोजावा लागतो.” क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, “तुम्हांला यंत्राची गरज नव्हती. त्या तिरुच्चेंगोडच्या माणसाने यंत्राचेच उत्तर दिले होते. फुटांवर पैसे मिळत असूनही त्याने ते दिले होते.”

खारे-गोडे हा विषय मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरवणारी पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम ही चारही तळी जवळजवळ कोरडी पडली. चारांची मिळून क्षमता सव्वाअकरा अब्ज घनफूट. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास टाक्यांची आगगाडी पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन विल्लिवाक्कमला आली. सव्वातीन वर्षांत, जन्मगावी आणि नोकरीच्या गावी, अशा दोन पाण्याच्या आगगाड्या माझ्या वाट्याला आल्या. लग्नानंतर मी तिरुवान्मियूरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहायला गेलो होतो. रस्त्यावर पाण्याच्या लॉरीपुढे लाल-निळ्या प्लास्टिकच्या घागरींची रांग लागे आणि मी कचेरीत जाण्याआधी तिच्यात उभा राहत असे. आमच्या इमारतीच्या बोअरला तेव्हाही पाणी होते. भरपूर होते आणि येतही होते. पण साबणाला फेस येईना आणि डाळ शिजेना. किनाऱ्यावरील वाळूत समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर उभे असले, तर त्याच्या भाराने खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खारे पाणी दूर राहते. म्हणजे वरचे थोडेसे उपसले की खालून समुद्र पुष्कळच वर सरकतो. साऱ्या गल्लीने मिळून ते वरचे उपसले होते. आहे, येते, आणि तरी पिता येत नाही, अशी पाण्याची तिसरी तऱ्हा मी तेव्हा पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या बिलावर लिहिले, ‘खुलासा समाधानकारक आहे. आक्षेप मागे घेण्यात येत आहे.’ आक्षेप मागे घेण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते, आणि आली की ती मला झोंबते. या खेपेला झोंबली नाही. परंतु त्या अनोळखी माणसावरचा आक्षेपही आता मागे घ्यायचा होता, आणि तो घेतला की माझ्यावरचा उघडा पडणार होता. त्याची फाईल औशाला होती.

रविवारी सकाळी मी अण्णांना फोन केला. आठ वर्षांपूर्वीच्या रात्री तो माणूस काय म्हणाला होता, मला काय ऐकू आले होते, आणि पुन्हा विचारायची मला लाज का वाटली होती, ते सारे सांगितले. स्पंजाच्या डबीपासून यंत्रापर्यंत सगळे सांगितले; कारण नुसती चूक सांगण्यापेक्षा तिच्याभोवती थोडे शास्त्र गुंडाळले की सांगणाऱ्याला बरे पडते. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग अण्णा म्हणाले, “मला ठाव हुतं की.”

“काय ठाऊक होतं?”

“भुकटी मीच हातात घेतली हुती. मुठीत आवळली तर गोळा व्हायचा, पर पानी सुटत नव्हतं. ओल हाय, पानी न्हाई. त्येला काय तमिळ कळाया पायजे व्हय?”

“मग अण्णा, तुम्ही खाली का गेलात?”

“तू हाय म्हनलास.”

या तीन शब्दांत रागाचा लवलेशही नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. उभा जन्म मातीत गेलेल्या माणसाने स्वतःच्या मुठीची साक्ष बाजूला सारली होती, ती कोणा पाणाड्याच्या नारळासाठी नव्हे आणि गाडीवाल्याच्या शब्दासाठीही नव्हे. शहरात राहणारा, पदवी घेतलेला, भाषा येणारा मुलगा ‘आहे’ म्हणाला होता. बैल त्या एका क्रियापदावर गेले होते. मी काहीतरी बोलणार होतो; पण अण्णांनीच विषय पुढे नेला. त्यांना माझ्या पश्चात्तापापेक्षा यंत्रात अधिक रस होता.

तीन वर्षांपासून ते रानात वाहून येणारे पावसाचे पाणी एका खड्ड्याकडे वळवतात. खड्ड्यात दगड, खडी आणि वाळू यांचे थर भरले आहेत. त्यांतून गाळलेले पाणी त्या कोरड्या बोअरात उतरते. चेन्नईत प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत सोडण्याची सक्ती २००३ साली झाली, हे मी त्यांना पूर्वी कधीतरी सांगितले होते. त्यांनी ते ऐकून घेतले, त्यावर काही बोलले नाहीत, आणि करून मोकळे झाले. आमच्या बोअरला त्याने काही पाणी आले नाही. पण खालच्या अंगाला शेजाऱ्याची जुनी विहीर आहे. ती पूर्वी जानेवारीत तळ दाखवी, ती आता मार्चपर्यंत टिकते, असे अण्णांचे म्हणणे.

“ते आपल्याच बोअरातलं पानी हाय का त्येच्या नशिबाचं, कुनास ठाव,” ते म्हणाले. “तुमच्या सायबाला एवढं इचार बरं. बोअरात सोडलेलं पानी कुटं जातंय, ते कळतंय का त्या यंत्राला?”

उत्तर माझ्या ओठांवर आले होते. काळा पाषाण, लोहखनिजे, भिंतीपासून काही इंच. सगळे मला आता पाठ होते, आणि तेवढ्यावर एक वाक्य मी सहज जुळवू शकलो असतो.

“मला ठाऊक नाही, अण्णा,” मी म्हणालो. “विचारून सांगतो.”

सोमवारी त्यांच्याकडे जायचे आहे. जे कळणार नाही ते पुन्हा विचारायचे, एवढे मात्र ठरवले आहे.